‘हे तुम्ही केलंच आहे’ : बे एरियातल्या मराठी पालकांना खुलं पत्र

बे एरियातल्या मराठी पालकांना आणि मंडळांच्या कार्यकारिणींना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गणपतीत आरती संपली आणि मी प्रसादाच्या रांगेत उभा होतो. मागच्या बाईंनी विचारलं, “तुम्ही कॉलेजात गणित शिकवता ना?” मी हो म्हटलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज इतका खाली आणला, की मला वाकून ऐकावं लागलं. “आमचा धाकटा सध्या इथंच जातो. कम्युनिटीला.” पाचच मिनिटांपूर्वी थोरलीच्या यूसीचं (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं) नाव त्यांनी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं होतं.

आवाज चढवा, लाजू नका, एवढंच सांगायला हे पत्र लिहीत नाही. कम्युनिटी कॉलेज, म्हणजे इथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, स्वस्त पडतं आणि तिथून यूसीला जाता येतं, हे आता आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. दर सप्टेंबरात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘टॅग कुठं टाकू?’ (म्हणजे यूसीत प्रवेशाची हमी मागणारा अर्ज) हा प्रश्न येतोच. मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. कम्युनिटी कॉलेजची ही दोन वर्षांची असोसिएट पदवी कोण आखतं, कशी आखतं, आणि ती आखली जात असताना आपल्यापैकी कुणीच त्या खोलीत का नसतं?

आधी माझं सांगतो. दहावीनंतर मी पॉलिटेक्निकला गेलो, तीन वर्षांचा डिप्लोमा केला आणि इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसलो. डिप्लोमावाल्यांना फर्स्ट इयर माफ. घरी पेढे वाटले, कारण बारावीपेक्षा एक वर्ष जास्त गेलं तरी पुढचं एक वाचलं, असा वडिलांचा हिशेब होता. पुढे एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या, तासाला सर फळ्याकडे वळले, इंटिग्रलची दोन चिन्हं शेजारी शेजारी काढली आणि पाठमोरेच म्हणाले, “लिमिट्स तुमच्या तुम्ही लावा, हे तुम्ही फर्स्ट इयरला केलंच आहे.” मी अशी जोडीनं दोन इंटिग्रल आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. खरं सांगतो, मला वाटलं सरांचा हात चुकला. शेजारच्याच्या वहीत डोकावलो, तर त्यानंही दोनच काढली होती.

एम-थ्रीला केटी लागली. वर्कशॉपात, ड्रॉइंगला, मशीनच्या तासाला आम्ही डिप्लोमावाले वर्गातल्या निम्म्या पोरांना शिकवत होतो. म्हणजे आम्ही ढ होतो असं नाही. ज्यानं डिप्लोमाचा अभ्यासक्रम लिहिला आणि ज्यानं डिग्रीचा लिहिला, ते दोघे कधी एका टेबलाशी बसले नसावेत. माफ केलेल्या त्या वर्षात नेमकं काय होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, असंही कुणाला वाटलं नाही.

आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आहे. इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात बरीच वर्षं कॅल्क्युलस शिकवतो. माझ्यासमोर बसलेली निम्मीअधिक पोरं दोन वर्षांनी कुठल्यातरी विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाऊन बसणार आहेत आणि तिथला प्राध्यापक पहिल्या तासाला तेच म्हणणार आहे : हे तुम्ही केलंच आहे. ट्रान्सफरसाठीच्या पदवीचं काम माझ्या लेखी एवढंच, की ते वाक्य खरं ठरावं.

कॅलिफोर्नियानं यावर विचार केलाच नाही असं नाही. १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये उतरंड ठरली : राज्यातल्या वरच्या एक अष्टमांश विद्यार्थ्यांना यूसीचं दार, वरच्या एक तृतीयांशाला आज आपण सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) म्हणतो त्या कॉलेजांचं, आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना खुलं. ही उतरंड क्रूर ठरू नये म्हणूनच मध्ये जिना ठेवला होता. खालून चढून येणाऱ्यांसाठी वरच्या दोन वर्षांत जागा राखायच्या, हे त्याच योजनेत आहे. आज राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत, वीस लाखांवर विद्यार्थी आहेत आणि राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात. ६० युनिटांचे २,७६० डॉलर. यूसीत एका वर्षाची नुसती ट्युशन आणि फी पंधरा हजारांच्या आसपास जाते.

जिना होता, पण प्रत्येक पायरी वेगळ्या सुतारानं बनवलेली. सीएसयूतल्याच सॅन होजे स्टेटला एक विषय हवा, फ्रेस्नोला दुसरा, यूसीला तिसराच. मुलं सावध म्हणून सगळंच करत आणि साठाच्या जागी ऐंशी युनिटं घेऊन बाहेर पडत. मग २०१० साली एसबी १४४० हा कायदा झाला आणि त्यातून ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ आली, कॉलेजच्या बोलीत एडीटी. ६० युनिटं, त्यात सामान्य शिक्षणाचा ठरलेला साचा, मुख्य विषयाची किमान १८ युनिटं आणि २.० जीपीए. कॉलेजनं आपल्या पदरच्या जास्तीच्या अटी लावायच्या नाहीत. एवढं केलं की सीएसयूत प्रवेशाची हमी, आणि तिथं आणखी ६० युनिटांत पदवी पुरी. प्रत्येक विषयासाठी दोन्हीकडच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून एक नमुना अभ्यासक्रम ठरवला. माझ्या वेळी जे टेबल नव्हतं, ते इथं मांडलं गेलं. पहिल्यांदा तो नमुना वाचला तेव्हा मला माझ्या केटीची आठवण झाली आणि जरा हेवाही वाटला.

हमी म्हणजे मात्र सीएसयूत कुठंतरी जागा. सॅन होजे स्टेटलाच, तेही कॉम्प्युटर सायन्सलाच मिळेल, असं त्यात लिहिलेलं नाही. आणि यूसी तर या करारात तेव्हा नव्हतीच. तिची टॅगची हमी निराळी. ती डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा ठिकाणीच चालते. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो त्यात नाहीत, आणि जिथं टॅग आहे तिथंही आपल्या पोरांना हवे असलेले काही विषय वगळलेले असतात.

आता जरा आकडेमोड करू या. आपल्यात निम्मे जण इंजिनिअर आहेत, कंटाळणार नाही अशी आशा.

कॉम्प्युटर सायन्सची एडीटी घ्या. सामान्य शिक्षणाचा नवा एकच साचा, कॅल-गेटसी, ३४ युनिटांचा आहे. मुख्य विषयात प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स, कॉम्प्युटर आर्किटेक्चर, डिस्क्रीट स्ट्रक्चर्स, कॅल्क्युलसचे दोन भाग, फिजिक्स आणि आणखी एक विज्ञान, म्हणजे कमीत कमी २८ युनिटं. झाली ६२. गणित आणि विज्ञान दोन्हीकडे धरता येतं, तिथं सातेक युनिटं वाचतात. उरली ५५. साठात बसलं, वर पाचेक युनिटं मोकळी. आता बर्कलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला जायचं असेल तर मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रासुद्धा आधी करून यावं लागतं. दोन्ही मिळून आठ ते दहा युनिटं. ६३, नाहीतर ६५. साठाची भिंत आडवी आली. म्हणून एडीटीचा जो नमुना ठरला, त्यात हे दोन विषय सक्तीचे नव्हते.

गुन्हेगार यात कुणीच नाही. साठाची मर्यादा ज्यानं घातली त्याला ऐंशी युनिटांत अडकलेली पोरं दिसत होती. सामान्य शिक्षण ज्यानं राखलं त्यालाही मी दोष देणार नाही, इतिहास न वाचलेला प्रोग्रॅमर आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण निकाल काय लागला? ‘ट्रान्सफरसाठीची पदवी’ पूर्ण केलेल्या मुलाला जिथं जायची सगळ्यात जास्त इच्छा असते, तिथं त्या पदवीनं तो तयार होत नाही. इंजिनिअरिंगला तर हे गणित इतकं बिघडतं, की वर्षानुवर्षं त्या विषयात एडीटी निघूच शकली नाही.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा ऑफिस अवर्सना आला. मराठी नव्हता, पण कुणाचाही असू शकला असता. त्यानं ‘असिस्ट’ या वेबसाइटवरून कुठला विषय कुठं चालतो याचे तक्ते छापून आणले होते. एक सीएसयूचा, दोन यूसींचे. पिवळा हायलायटर तिन्हीकडे हवे असलेल्या विषयांवर, गुलाबी दोन ठिकाणी हवे असलेल्यांवर, हिरवा एकाच ठिकाणच्यांवर. हिरवाई भरपूर होती. काउन्सेलरनं एडीटी धरायला सांगितलं होतं, म्हणून त्यानं पहिल्या वर्षी सामान्य शिक्षणाचे विषय उरकले. यूसीत गेलेल्या एका सिनियरनं सांगितलं, की तिथल्या इंजिनिअरिंगला सामान्य शिक्षण नंतर केलं तरी चालतं, आधी गणित-फिजिक्स संपव. दोघांचंही बरोबर होतं. म्हणजे एकाच मुलाला एकाच कॉलेजात दोन बरोबर सल्ले मिळाले आणि ते एकमेकांच्या विरुद्ध होते. “सर, मी नक्की कुठली डिग्री करतोय?” त्यानं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. मी त्याला लिनिअर अल्जिब्रा पुढच्या टर्मला घ्यायला सांगितला.

पुढच्या टर्मला तो वर्ग रद्द झाला.

हे पालकांना सहसा कळतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॅल्क्युलस एक, मग दोन, मग तीन, मग लिनिअर अल्जिब्रा किंवा डिफरन्शियल इक्वेशन्स, अशी ही साखळी असते. पहिल्याच टर्मला कॅल्क्युलस एकपासून सुरुवात केली आणि एकही कडी निसटली नाही, तर चार टर्म पुरतात. प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात करावी लागली की दोन वर्षांत साखळी पुरी होतच नाही. फिजिक्सची वेगळी साखळी, ती कॅल्क्युलसला बांधलेली. डेटा स्ट्रक्चर्सची तिसरी. शेवटच्या कड्यांना विद्यार्थी थोडे उरतात. वर्गाला पुरेशी नावं आली नाहीत की कॉलेज टर्म सुरू व्हायच्या तोंडावर तो वर्ग रद्द करतं, कारण शिक्षकाचा पगार तेवढाच आणि वर्गात बाराच पोरं. कागदावर पदवी दोन वर्षांचीच राहते, प्रत्यक्षात त्या मुलाला तिसरं वर्ष काढावं लागतं. दिवसा नोकरी करणारा असेल तर संध्याकाळचा वर्ग मुळातच वर्षातून एकदा. डी अ‍ॅन्झा, फुटहिलसारखी कॉलेजं क्वार्टर पद्धतीनं चालतात, तिथं कड्या लहान पण जास्त. पदवीच्या जाहिरातीत विषयांची यादी असते, टर्मवार दोन वर्षांचा नकाशा कधीकधी असतो, पण ‘हे वर्ग आम्ही याच टर्मना चालवूच’ असं वचन फार क्वचित दिसतं. आणि माझ्या मते अर्धा अभ्यासक्रम त्या वचनातच असतो.

आता आमच्या बाजूचंही कबूल करतो. या राज्यात अभ्यासक्रमावर पहिला शब्द प्राध्यापकांचा चालतो. १९८८ च्या एबी १७२५ या कायद्यापासून हा अधिकार प्राध्यापकांच्या अ‍ॅकॅडेमिक सिनेटांकडे पक्का आहे, आणि तो योग्यच आहे. पण आम्ही बैठकीला बसतो तेव्हा प्रत्येकाला आपला विषय पदवीत हवा असतो, कारण पदवीत असलेला विषय भरतो आणि नसलेला ओस पडतो. कित्येक वर्षांपूर्वी कॅल्क्युलसचा एक कोर्स चार युनिटांवरून पाचावर न्यावा म्हणून मीच तावातावानं भांडलो होतो. पोरांना सराव कमी पडतो, हे खरंच होतं. आम्ही जिंकलो. त्या एका युनिटानं दुसऱ्या एका विभागाच्या एडीटीचं साठाचं गणित मोडलं, हे मला सहा महिन्यांनी कळलं. ते मला बैठकीत विचारणारं कुणी नव्हतं. तिथं विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी होता, तो बहुतेक फोनमध्ये होता. त्याच्या वयात मीही असतो.

गेल्या काही वर्षांत कायदा पुन्हा हलला. २०२१ च्या एबी ९२८ मुळे सीएसयू आणि यूसी दोघांना चालेल असा सामान्य शिक्षणाचा एकच साचा आला आणि २०२५ च्या फॉलपासून तो लागू झाला. मघाशी म्हटलेली ती कॅल-गेटसी हीच. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना पुरावा दिला तर आणखी सहा युनिटांपर्यंत मोकळीक घेता येईल, अशी वाटही त्याच कायद्यानं ठेवली. साठ अधिक सहा, सहासष्ट. वरची बेरीज पुन्हा पाहा : ६५ त्यात बसतात! २०२१ च्याच एबी ११११ नं सगळ्या कॉलेजांत एकाच विषयाला एकच क्रमांक द्यायचं ठरवलं. इंग्रजी, संख्याशास्त्र, मानसशास्त्र असे पहिले सहा विषय आता सगळीकडे एकाच नंबरनं मिळतात. २०२३ मध्ये यूसीएलएला काही विषयांत एडीटीवाल्यांना वेगळी वाट द्यायला सांगणारा कायदाही झाला.

दार किलकिलं झालंय ते एवढं. पण कायदा नंबर जुळवतो, विषयाची खोली जुळवत नाही. माझ्या डिप्लोमातही ‘मॅथेमॅटिक्स’ होतंच, तेही दोन भागांत. दोन इंटिग्रल शेजारी ठेवल्यावर काय करायचं, हे ठरवायला यूसीच्या आणि आमच्या प्राध्यापकांनी एकमेकांच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवायला हव्यात. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात काय गृहीत धरलं जातं, तिथून उलटं मोजत पहिल्या वर्षाच्या पहिल्या टर्मपर्यंत यायला हवं. आज आपण उलट करतो : इथून काय देता येईल ते देतो आणि तिथं कुठं बसतंय ते बघतो.

आता तुमच्याकडे येतो.

तुम्ही या कामाला नुसते उपयोगी पडाल असं नाही, तुमच्याकडे जे आहे ते आमच्या बैठकीत कुणाकडेच नसतं. तुमच्यातले कितीतरी जण रोज वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या मुलाखती घेतात. कम्युनिटी कॉलेजातून आलेल्यांना नेमकं काय येतं आणि कुठं अडतं, हे तुम्ही चहाच्या घोटाबरोबर सांगू शकता. तुमच्यातले किमान काही जण माझ्यासारखे डिप्लोमातून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले आहेत आणि एम-थ्री म्हटलं की अजून त्यांच्या पोटात गोळा येतो. तुम्ही प्रॉपर्टी टॅक्स भरता, त्यातला एक हिस्सा या कॉलेजांनाच जातो. जे नागरिक झाले आहेत ते कॉलेज डिस्ट्रिक्टच्या ट्रस्टींना मतही देतात, भले मतपत्रिकेच्या अगदी तळाशी ती नावं कुणाची आहेत हे ठाऊक नसताना का होईना.

आणि आपण करतो काय? मंडळात कॉलेज प्रवेशावर दरवर्षी कार्यक्रम होतो. हॉल भरतो. निबंध कसा लिहावा, जीपीए कसा सांभाळावा, कुठल्या कॉलेजात फिजिक्सचे मास्तर सढळ मार्क देतात. म्हणजे जिना वाकडा आहे हे सगळ्यांना मान्य, फक्त आपल्या पोराचा पाय कुठल्या पायरीवर ठेवायचा तेवढं विचारून घ्यायचं. मला राग येतो तो याचा. तो मुलगा तीन रंगांचे हायलायटर घेऊन एकटा बसला होता, आणि त्याच्या आईवडिलांना इंग्रजी नीट येत नव्हतं. आपल्याला येतं.

माझं मागणं मोठं नाही. डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या बैठका १९५३ च्या ब्राऊन कायद्यानं सगळ्यांना खुल्या आहेत. नियमित बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो आणि जनतेला बोलायला वेळ ठेवावाच लागतो. अ‍ॅकॅडेमिक सिनेटच्या बैठकांनाही येऊन बसता येतं. तिथं जाऊन भाषण करायची गरज नाही. तीनच गोष्टी विचारा. या पदवीचे शेवटच्या टर्मचे वर्ग तुम्ही कितीही थोडे विद्यार्थी आले तरी चालवणार का? सहासष्ट युनिटांची मोकळीक कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगला मागण्याबद्दल आपल्या कॉलेजचं म्हणणं काय? आणि इथून गेलेल्यांना यूसी-सीएसयूच्या पहिल्या टर्ममध्ये कुठल्या विषयात काय मार्क मिळाले, हे तुम्ही मागवता का, आणि मागवत असाल तर ते आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांपर्यंत पोचवता का? तिसऱ्या प्रश्नावर बोर्ड जरा चुळबुळ करेल. करू द्या.

मंडळाला एवढंच : प्रवेशाच्या कार्यक्रमात एक तास कम्युनिटी कॉलेजातून गेलेल्या पोरांना द्या. जिथं पोचली तिथल्या कौतुकाचा नको, पहिल्या टर्मला काय समजलं नाही त्याचा. ती बोलतील, कुणी विचारलेलंच नसतं. जे सांगतील ते लिहून घ्या आणि तो कागद माझ्याकडे पाठवा. मी तो माझ्या विभागात वाचून दाखवीन. माझ्या वर्गाबद्दल असलं, तरीही.

आणि त्या प्रसादाच्या रांगेतल्या बाईंना : तुमच्या धाकट्याला मी भेटलो. तो कॅल्क्युलस तीनमध्ये आहे. दोन इंटिग्रल शेजारी दिसली की तो आधी आकृती काढतो, मग लिमिट्स लावतो. पुढच्या टर्मचा लिनिअर अल्जिब्राचा संध्याकाळचा वर्ग सध्या वेळापत्रकात आहे, चौदा नावं आली आहेत. रद्द होऊ नये म्हणून मला आणखी सहा हवीत.

आपला,
एक गणिताचा मास्तर